चौथा मजला नव्व्याण्णव टक्के खूश

४ सप्टेंबर, सोमवार

वही फुकट मिळाली. सातव्या मजल्यावर मोठ्या साहेबलोकांची दोन दिवस मीटिंग होती. ती खोली आवरायला गेले तर केराच्या डब्यात ही. जाड पुठ्ठा, आत खुणेची दोरी. पहिल्या पानावर इंग्रजीत मोठ्या अक्षरात काहीतरी लिहिलेलं. धाकटीकडून वाचून घेतलं. 'व्हिजन' लिहिलंय म्हणाली. खाली काय आहे विचारलं, तर खाली काही नाही. दोन दिवसांत एवढंच झालेलं दिसतंय. ते पान फाडून टाकलं.

लिहिण्याचं कारण प्रेशर. डॉक्टरीण म्हणाली, राग आला की लगेच बोलून मोकळ्या होऊ नका, आधी लिहून काढा. मी म्हटलं, मी सातवीत शाळा सोडली. ती म्हणाली, मी तपासणार नाहीये. तर आजपासून राग वहीत. बाहेर शांत.

वहीला माहीत असलेलं बरं. मी ऑफिसच्या चौथ्या मजल्यावर सफाईला. आम्ही तिघी. थोरली, नऊ वर्षं माझ्याबरोबर, गुडघे गेलेत. धाकटी, तीन वर्षं, कानात सतत वायर. मी मधली, म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर. माझ्याशिवाय दोघींचं पान हलत नाही. कबूल करत नाहीत एवढंच.

आज नवा साहेब आला. माझ्या भाच्याच्या वयाचा. हातात काचेची पाटी, तिच्यावर बोट फिरवत चालतो, म्हणून मी नाव ठेवलं पाटीसाहेब. जिन्याजवळ उभं करून म्हणाला, आपण सगळे एक फॅमिली आहोत. मग नावं विचारली. आम्ही सांगितली. मग तिघींना ताई म्हणाला आणि गेला.

दोन महिने नवे मॉप नाहीत. हँडवॉशमध्ये पाणी घालून चालवतोय. मधल्या संडासाचा फ्लश चार महिने बंद. उद्या जाऊन तोंडावर सांगणार. मी कुणाला भीत नाही, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत आहे.

५ सप्टेंबर, मंगळवार

सांगायला गेले. तो फोनवर होता. बोटाने थांबा म्हणाला. थांबले. फोन संपला. बोला ताई, सगळं छान ना, म्हणाला. मी म्हटलं, हो सर.

हे घाबरून नाही. नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात झोडपू नये. त्याला आधी रुळू द्यावं.

घरी येऊन नवऱ्याला झोडपलं. तो टेलर आहे, घरातच मशीन. पँटची शिलाई उसवत होता. तोंडात टाचण्या, त्यामुळे उत्तर देता आलं नाही. बरं वाटलं. पण हे लिहायचं होतं, बोलायचं नव्हतं. उद्यापासून.

८ सप्टेंबर, शुक्रवार

संडासाच्या दाराशेजारी एक डबा बसवलाय. त्यावर तीन चेहरे. हिरवा हसतोय, पिवळ्याचं तोंड सरळ, लाल रडतोय. जाणाऱ्याने बाहेर पडताना एक दाबायचा. वायरमनने तिरका बसवलाय, त्यामुळे हिरवा जरा कुत्सित हसल्यासारखा दिसतो.

पाटीसाहेबाने मीटिंग घेतली. म्हणाला, आता कुणी कुणाला ओरडायची गरज नाही, डेटा बोलेल. प्रत्येक मजल्याचा स्कोअर त्याच्या पाटीवर दिसणार. महिनाअखेर ज्या मजल्याचा स्कोअर सगळ्यात कमी, तिथल्या एका ताईची बदली गोदामाला.

गोदाम गावाबाहेर. दोन बस बदलून जायचं, पुढे पायी.

थोरलीने माझ्याकडे बघितलं. तिचा नवरा दोन वर्षं अंथरुणाला खिळून आहे, एक बाजू गेली. ती दुपारी बाराला मागच्या गेटने घरी जाते, त्याला भरवते, कूस बदलते आणि चाळीस मिनिटांत परत येते. जुन्या सुपरवायझरला माहीत होतं, तो बघून न बघितल्यासारखं करायचा. नव्याला कुणी सांगितलेलं नाही. गोदामाला गेली तर बारा वाजता त्या माणसाच्या तोंडात घास कोण घालणार. म्हणजे तिला काम सोडावंच लागेल.

मी तिला सांगितलं, मी आहे तोवर तुझी बदली होत नाही. शब्द दिला. मी शब्द दिला की झालं.

११ सप्टेंबर, सोमवार

पहिला स्कोअर. चौथा मजला बेचाळीस टक्के खूश. सगळ्यात खाली.

दिवसभर दाराजवळ रेंगाळून बघितलं. लोक लाल का दाबतात याचा अभ्यास केला. काही फ्लशमुळे, ते बरोबर आहे. एका माणसाने एसी गार आहे म्हणून दाबला. एकाने दाबून बघू काय होतं म्हणून दाबला. आणि ती कोपऱ्यातल्या टेबलवरची पोरगी, चष्मेवाली, आत पाऊण तास रडत होती. बाहेर आली, तोंड धुतलं, आणि लाल चेहरा सात वेळा दाबला. मी मोजले.

मी विचारलं, बाई, फरशीला काय झालं? ती म्हणाली, फरशीचं काही नाही हो मावशी. तिच्या साहेबाने सगळ्यांसमोर तिचं काम फेकून दिलं होतं. काम तिने केलेलं, वर पाठवताना नाव त्याचं, चूक निघाली तर नाव परत तिचं.

म्हणजे तिचा राग तिच्या साहेबावर, आणि शिक्षा आमच्या फरशीला.

मी तिला सल्ला दिला. रडायचं नाही, सरळ तोंडावर बोलायचं. मी तसंच करते. ती बघतच राहिली. माझ्यासारखी बाई तिने पाहिली नसणार.

१२ सप्टेंबर, मंगळवार

ठरवलं. हिरवा आपणच दाबायचा.

यात खोटं काही नाही. मी पण माणूस आहे, मी पण तोच संडास वापरते, मला पण मत आहे. आज माझं मत चार वेळा झालं.

दोघींना पण सांगितलं. धाकटी म्हणाली, मशीन वेळ पण टिपते, पहाटे सहाला एवढे खूश लोक कुठून आले म्हणून विचारतील. मी म्हटलं, तू गाणी ऐक.

थोरलीला सांगितलं, येता-जाता एकेक हिरवा. ती गेली आणि लाल दाबून आली. मी विचारलं हे काय. म्हणे, फ्लश खरंच बिघडलाय ना. जिच्यासाठी करतेय तीच अशी. कपाळाला हात लावला. मग तिचा एक लाल फेडायला मी दहा हिरवे दाबले.

रागावले नाही. फक्त बादली जरा जोरात ठेवली.

१५ सप्टेंबर, शुक्रवार

युक्ती सुधारली. डबा पुसायचं काम आमचंच आहे. दिवसातून सहा वेळा पुसायचा नियमच आहे. तर आता पुसताना फडका हिरव्यावर जास्त वेळ फिरवते. तिथे डाग जास्त असतो. फडका फिरला की दाबलं जातं, त्याला मी काय करणार. हे काम आहे, लबाडी नाही.

स्कोअर एक्याण्णव. पाटीसाहेबाने ग्रुपवर टाळ्यांचं चित्र पाठवलं.

आता तो खूश आहे, सोमवारी फ्लशचं काढते.

१८ सप्टेंबर, सोमवार

काढलं. खरोखर तोंडातून काढलं. सर, मधला फ्लश चार महिने बंद आहे, प्लंबरच्या कागदावर तुमची सही लागते.

त्याने पाटी माझ्यापुढे धरली. सगळं हिरवं. म्हणाला, ताई, एक्याण्णव टक्के लोक खूश आहेत. फ्लश बंद असता तर एवढे लोक खूश असते का?

मी विचार केला. त्याच्या बाजूने बघितलं तर बरोबर होतं. हो सर म्हटलं.

मग मी म्हणाले, तुम्ही एकदा येऊन बघा ना सर. म्हणजे म्हणणार होते. तोवर दार बंद झालं. पाटीसाहेब चौथ्या मजल्यावर आजवर आलेला नाही. त्याला चौथा मजला पाटीत दिसतो.

बादलीने पाणी ओतून चालवतोय. दर वेळी दोन बादल्या. त्या मी उचलते, थोरलीला उचलू देत नाही. ती जास्त चांगली उचलते, पण हळू.

१९ सप्टेंबर, मंगळवार

संध्याकाळी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, मला जसं सांगितलंस तसंच त्याला सांग. मी म्हटलं, तुला सांगायला काय, तू पगारावर सही करतोस का माझ्या. तो म्हणाला, नाही, म्हणूनच मला ऐकावं लागतं. या माणसाशी बोलण्यात अर्थ नाही.

२२ सप्टेंबर, शुक्रवार

स्कोअर सत्त्याण्णव. पण तिसरा मजला पंच्याण्णव. हे कसं? जाऊन बघितलं तर तिथली जाडी फडका घेऊन डबा पुसतेय. हिरव्यावरच. लाज नाही वाटत लोकांना.

आता रोज शर्यत. उजव्या हाताचं बोट दुखायला लागलं म्हणून मॉपच्या दांड्याने दाबते. दांडा बरा बसतो.

दुपारी वाईट झालं. ती चष्मेवाली पोरगी लिफ्टपाशी, हातात पुठ्ठ्याचं खोकं. आत तिचा कप आणि एक छोटं झाड. मला म्हणाली, मावशी, तुम्ही म्हणालात तसं केलं. तोंडावर सांगितलं. थँक यू. आणि हसली. दोन आठवड्यांत पहिल्यांदा हसली. लिफ्ट खाली गेली.

माझा सल्ला बरोबरच होता. तिने वेळ चुकीची निवडली असणार. वेळ महत्त्वाची असते. मी म्हणूनच थांबलेय.

जेवण गेलं नाही.

२७ सप्टेंबर, बुधवार

स्कोअर नव्व्याण्णव.

थोरलीने विचारलं, नक्की ना गं? मी म्हटलं, पहिल्या नंबरावर आहोत, आपल्याला कोण हात लावतो. ती म्हणाली, ह्यांना आता डाव्या हाताने चमचा धरता येतो, पण पडतो. अजून थोडे महिने बाराला जायला मिळालं तर शिकतील. ती कधी काही मागत नाही. हे पण मागितल्यासारखं बोलली नाही, फडका पिळता पिळता बोलली.

धाकटी कानातली वायर काढून म्हणाली, आणि तुम्ही पुसायचं थांबवा आता, नव्व्याण्णव कुठल्याच संडासाला मिळत नाहीत. तिला म्हटलं, तुला आमचं बरं झालेलं बघवत नाही.

हे मी वहीत लिहायचं होतं. पण ती समोरच होती.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

निकाल. युनिफॉर्मला नवऱ्याकडून इस्त्री करून घेतली. सगळे मजले सातव्यावर बोलावले. पाटीसाहेबाने भिंतीवर मोठं चित्र टाकलं, उभ्या पट्ट्या. आमची सगळ्यात उंच. चौथा मजला, नव्व्याण्णव पूर्णांक चार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला पुढे बोलावून सर्टिफिकेट दिलं. त्यावर नाव नाही, नुसतं 'टीम फोर'. फोटो काढला.

फोटो झाल्यावर म्हणाला, आता पुढची स्टेप. वरून नवीन विचार आलाय. जिथे स्कोअर कमी, तिथे मदतीची गरज आहे, म्हणून सहाव्या मजल्याला एक ताई जास्त मिळणार. आणि जिथे स्कोअर एवढा उत्तम, तिथे माणसं जास्त आहेत हे उघड आहे. चौथ्या मजल्याला दोन ताई पुरेत. एक गोदामाला.

सहाव्या मजल्यावरच्या दोघी कधीच डबा पुसत नव्हत्या. त्यांचा स्कोअर अडतीस.

मग म्हणाला, कुणाला काही म्हणायचं असेल तर बिनधास्त बोला, इथे सगळे समान. माझ्याकडेच बघत होता, कारण सर्टिफिकेट माझ्या हातात. थोरली मागच्या भिंतीला टेकून उभी.

मी उभी राहिले. थँक यू सर म्हटलं. बसले.

थोरली जिना उतरताना एकेका पायरीवर थांबत होती. मी मागे होते, पुढे जाता येईना.

३ ऑक्टोबर, मंगळवार

ठरलं. खरं सांगायचं. मशीन आम्ही दाबली, फ्लश बंद आहे, तिघी असून काम उरत नाही. परिणाम काहीही होवो.

घरी तालीम केली. नवऱ्याला साहेब केलं, हातात पाटी म्हणून पोळपाट दिला. तो खुर्चीत बसून पोळपाटावर बोट फिरवत म्हणाला, बोला ताई, सगळं छान ना. असं म्हणाला की माझ्या तोंडून हो सर निघून गेलं. तो इतका हसला की टाचणीची डबी सांडली. दुसऱ्यांदा केलं तेव्हा नीट जमलं. तिसऱ्यांदा तर मी त्याला रडकुंडीला आणलं. उद्या अर्धं सुद्धा जमलं तरी पुरे.

४ ऑक्टोबर, बुधवार

गेले. दार उघडंच होतं. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, बरं झालं आलात. तुमच्यातली लीडरशिप दिसली मला त्या दिवशी. आजपासून तुम्ही चौथ्या मजल्याच्या फ्लोअर लीड. खिशाला लावायचा बिल्ला दिला. निळा.

आणि म्हणाला, कोण गोदामाला जाणार ते मी ठरवणं योग्य नाही, मला ताईंची काय माहिती. निर्णय टीमचाच असावा. तुम्ही लीड आहात, शुक्रवारी फॉर्म भरून द्या.

स्वतः तोडायचं ते दुसऱ्याच्या हाताने तोडायचं. हे मला तिथेच कळलं होतं. म्हणजे घरी आल्यावर कळलं.

पण नीट विचार केला तर हे चांगलंच झालं. नाव मीच लिहिणार, म्हणजे थोरलीचं नाव येणार नाही. शब्द पाळला गेला. बिल्ला मी तिच्यासाठीच घेतला. लावून बघितला. उजव्या बाजूला जास्त चांगला दिसतो.

५ ऑक्टोबर, गुरुवार

लीड म्हणून पहिली मीटिंग घेतली. मॉपच्या खोलीत, बादल्या उलट्या करून. मी म्हटलं, आपण तिघी एक फॅमिली आहोत. थोरली माझ्या बिल्ल्याकडे बघत होती. धाकटी म्हणाली, पुढे डेटा बोलेल म्हणा. मी म्हटलं, बिनधास्त बोला, कुणाला काही म्हणायचंय? धाकटी बोलायला लागली तर मी म्हटलं, आता वेळ नाही, नंतर बघू.

दोघी निघून गेल्या. मला थोडा वेळ कळेना हे शब्द आधी कुठे ऐकलेत.

थोरलीचं नाव नाही लिहायचं, म्हणजे धाकटीचं. तरुण आहे, दोन बस तिला जड नाहीत. कानात गाणी असतातच. ठरलं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी आले तर धाकटीने माझ्या दोन्ही बादल्या आधीच भरून ठेवल्या होत्या. मधल्या संडासात पाणीही ओतलं होतं. असल्या दिवशी लोकांनी बादल्या भरून ठेवू नयेत.

फॉर्म इंग्रजीत. वर एक छोटी चौकट, खाली एक मोठी, शेवटी सही. धाकटी म्हणाली, मावशी, वाचून दाखवू का? कसं वाचून घेणार, तिचंच नाव लिहायचं होतं. आणि लीडने सगळं विचारत बसायचं नसतं. म्हटलं, मला येतं.

वरच्या छोट्या चौकटीत माझं नाव लिहिलं. भरणाऱ्याचं नाव वरच असतं, बँकेत, दवाखान्यात, सगळीकडे. सुवाच्य लिहिलं. खालच्या मोठ्या चौकटीत जाणाऱ्या ताईचं लिहायचं. पेन टेकवलं. धाकटीचं पहिलं अक्षर सुद्धा निघेना. थोरलीचं तर नाहीच.

मग तोड सापडली. चौकट रिकामीच सोडली. रिकामी चौकट बघून त्याला कळेल की चौथ्या मजल्यावरून कुणीही जाणार नाही. न बोलता एवढं सणसणीत उत्तर आजवर त्याला कुणी दिलं नसेल. खाली सही ठोकली आणि त्याच्या टेबलावर ठेवून आले. तो नव्हता. असता तरी ठेवला असता.

रात्री पहिल्यांदा झोप नीट लागेल असं वाटतंय.

९ ऑक्टोबर, सोमवार

नोटीस लागली. गोदामाला बदली, सोळा तारखेपासून. त्यावर माझं नाव.

छापताना चूक झाली असणार म्हणून धाकटीला बोलावलं. तिने नोटीस वाचली, मग पाटीसाहेबाने ग्रुपवर टाकलेला फॉर्मचा फोटो वाचला. वरची छोटी चौकट म्हणजे जाणाऱ्याचं नाव. खालची मोठी म्हणजे कारण. कारणात काही नाही, म्हणून साहेबाने नोटिशीत स्वतःच लिहिलंय, स्वखुशीने. आणि खाली, खरी लीडरशिप म्हणजे त्याग, असं आणि टाळ्यांचं चित्र. बत्तीस लोकांनी खाली टाळ्या दिल्यात.

मी म्हटलं, आत्ता जाते आणि त्याची पाटी फोडते. निघाले पण. तेवढ्यात थोरली आली. तिला खाली वाचून दाखवलं होतं कुणीतरी. तिने माझे दोन्ही हात धरले. हात हँडवॉशने चिकट होते तिचे. मग घड्याळ बघितलं, बारा वाजत होते, आणि मागच्या गेटकडे गेली. गुडघ्यांवर जेवढं जोरात जाता येईल तेवढं.

ती आली नसती तर मी गेलेच होते.

१० ऑक्टोबर, मंगळवार

आज गेले. तालमीची गरज नव्हती, रात्रभर मनात चालूच होतं. आत शिरले, दार लावलं, त्याने बसा म्हणायच्या आत बसले. म्हटलं, सर, फॉर्म चुकलाय. मला जायचं नाहीये. मला इंग्रजी येत नाही, मी माझं नाव चुकून लिहिलं.

नऊ वर्षांत साहेबासमोर इतकी वाक्यं सलग बोलले नव्हते.

तो चिडला नाही. पाटीवर बोट फिरवलं. काही प्रॉब्लेम नाही ताई, दुरुस्त करू, म्हणाला. म्हणजे इतकं सोपं होतं. सगळ्या महिन्याचं ओझं उतरलं. मग पाटी बघत म्हणाला, गेटच्या रजिस्टरमध्ये दिसतंय, तुमच्यातली एक ताई रोज दुपारी बाराला बाहेर जाते. चाळीस मिनिटं. ती कोण ते बघून तिचंच नाव घालतो, मग प्रश्नच मिटला. घालू?

बोट वर धरलेलं. पाटीपासून एवढंच लांब.

"नाही सर," मी म्हणाले.

त्याने वर बघितलं. बहुतेक पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"बारा वाजता मीच जाते. माझंच राहू द्या."

बरं म्हणाला. उठून बाहेर आले.

सबंध महिना या माणसाला नाही म्हणायची तयारी करत होते. मॉपला नाही, फ्लशला नाही, मशीनला नाही. त्यातलं एकही निघालं नाही, आणि निघालं ते हे. आणि इतकं पटकन निघालं की मला थांबवता पण आलं नाही. डॉक्टरीण म्हणते तसं आधी लिहिलं असतं तर असं झालं नसतं.

नवऱ्याला सांगितलं. तो टाचण्या काढून काही बोलायला लागला, मी म्हटलं, तू गप्प बस. तो म्हणाला, मी चांगलंच बोलणार होतो. तरी गप्प बस म्हटलं.

थोरलीला मात्र खरं सांगून टाकलं. अगं, चुकून लिहिलं गं ते, त्याग-बिग काही नाही. रजिस्टरचं पण सांगितलं. ती म्हणाली, तू असंच म्हणणार हे मला माहीत होतं. आणि आता बाराला जायचं तर गेटवर कुठल्या नावाने जाऊ? मी तिला माझ्या ओळखपत्राची झेरॉक्स दिली. रजिस्टरात माझंच नाव दिसेल, आणि माझ्या नावाचा प्रश्न त्याने आधीच मिटवलाय. चेहरे साहेबाला फक्त हिरवे-लाल ओळखू येतात.

१६ ऑक्टोबर, सोमवार

गोदाम. दोन बस, वर पंचवीस मिनिटं पायी. दुसरी बस चुकली, म्हणजे मी आधीच्या स्टॉपला उतरले. उशीर झाला.

जागा मोठी, पत्र्याची. इथला साहेब वेगळा, हातात पाटी नाही, शिट्टी आहे. नाव ठेवायला वेळ मिळाला नाही.

इथल्या सहा बायकांना सगळं आधीच कळलेलं. त्याग ग्रुपवर आला होता, बाकीचं बायकांनी बायकांना सांगितलेलं. नवरा आजारी असलेल्या मैत्रिणीसाठी स्वतःची जागा सोडून आली ती हीच, म्हणून जमा झाल्या. एकीने माझी पिशवी घेतली. एकीने स्टूल आणून ठेवलं, गादीचं. त्यांच्यात एकच स्टूल आहे आणि ते सगळ्यात जुन्या बाईचं. तिने स्वतः दिलं.

मी सरळ सांगितलं. त्याग केला नाही. फॉर्म इंग्रजीत होता, चौकट चुकली. हसल्या. जुनी बाई म्हणाली, मोठ्या मनाची माणसं असंच सांगतात. मी परत सांगितलं, दुरुस्त करायला सुद्धा गेले होते, रागाने गेले होते. एकीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिसऱ्यांदा सांगितलं, जरा आवाज चढवून. त्यांनी पाणी आणून दिलं.

चौथ्यांदा सांगणार होते. पण पाय दुखत होते, आणि स्टूल बरं होतं.